चालता धंदा विकत घेताय? टोकन द्यायच्या आधी वकिलाकडे जा, आणि गेल्यावर हे विचारा

चालता धंदा घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण आधी गल्ल्यावर दोन-चार दिवस बसून बघतात गिऱ्हाईक किती येतं, मग सीएला हिशोब दाखवतात, मग घासाघीस, मग टोकन, आणि हे सगळं उरकल्यावर शेवटी वकिलाला फोन जातो, "साहेब एक ॲग्रीमेंट बनवून द्या, बाकी सगळं ठरलंय आमचं." हा क्रमच उलटा आहे. सगळं ठरल्यावर वकील काय करणार, ठरलेलं नीट भाषेत टाइप करून देणार. ज्या मुद्द्यांवर तो तुम्हाला वाचवू शकला असता त्यांना तुम्ही आधीच हो म्हणून बसलेले असता.

म्हणून पहिली पायरी अगदी साधी, कुठल्याही कागदावर सही करायच्या आधी आणि एक पैसाही द्यायच्या आधी वकिलाची एक भेट. "साधी चिठ्ठी आहे हो, फक्त टोकनची पावती" असं समोरचा म्हणाला तरीही. त्या साध्या चिठ्ठीत काय असतं बघा: "सदर रक्कम कोणत्याही कारणास्तव परत केली जाणार नाही." ही एक ओळ. आता उद्या कागदपत्रं तपासताना कळलं की जागेचं लीज चार महिन्यांत संपतंय किंवा मशिनरी बँकेकडे गहाण आहे, तरी तुमचं टोकन गेलं, किंवा ते जाऊ नये म्हणून तुम्ही मन मारून डील पुढे नेणार, आणि हे दुसरं जास्त वाईट. वकील त्या ओळीच्या जागी एवढंच टाकायला सांगेल की कागदपत्रांची तपासणी खरेदीदाराला समाधानकारक वाटली नाही, किंवा जागामालकाची लेखी परवानगी अमुक तारखेपर्यंत मिळाली नाही, तर पूर्ण टोकन इतक्या दिवसांत परत. दोन वाक्यांचं काम आहे, पण ते सहीच्या आधी झालं पाहिजे.

मोठी डील असेल तर टोकनच्या ऐवजी लेटर ऑफ इंटेंट किंवा टर्म शीट असते, म्हणजे मुख्य करार होण्याआधी ठरलेल्या अटी मांडणारा कागद. त्यावर वर "बंधनकारक नाही" असं लिहिलेलं असतं म्हणून लोक बिनधास्त सही करतात, पण आतले दोन-तीन मुद्दे बहुतेक वेळा बंधनकारकच ठेवलेले असतात, उदाहरणार्थ गुप्तता, किंवा खर्च कोणी करायचा. याच कागदात तुमच्या फायद्याचं एक कलम मागून घ्या, की इतके आठवडे विक्रेता दुसऱ्या कोणाशी बोलणार नाही. नाहीतर तुम्ही वकिलाला, सीएला फी देऊन तपासणी करत बसाल आणि तो तिकडे तुमचा भाव दाखवून दुसऱ्याकडून जास्त काढेल.

वकील कोणता घ्यायचा

विक्रेत्याचा वकील "दोघांचंही मीच बघतो, खर्च वाचेल" म्हणाला तर हात जोडून नाही म्हणा. तो माणूस चांगला असेलही, पण लीजमध्ये घोळ दिसला तर तो कोणाला सांगणार? ब्रोकरने सुचवलेल्या वकिलाबद्दलही तेच, कारण ब्रोकरला कमिशन डील झाली तरच मिळतं. आणि घरातले ओळखीचे वकील, ज्यांनी काकांची वाटणीची केस लढवली, ते कोर्टात कितीही हुशार असले तरी धंद्याची खरेदी-विक्री हे वेगळं काम आहे. पहिल्या भेटीत सरळ विचारा की अशी खरेदी याआधी केली आहे का, या प्रकारच्या धंद्याची केली आहे का, कागद प्रत्यक्ष कोण वाचणार, तुम्ही की ऑफिसमधला ज्युनियर, फी ठरावीक की तासावर, आणि त्या फीत काय काय येतं. उत्तर ईमेलवर मागा. चांगल्या वकिलाला याचा राग येत नाही.

सीए आहे म्हणजे वकिलाची गरज नाही असंही नाही. सीए सांगतो धंदा किती कमावतो, वकील सांगतो त्या कमाईवर आणि मालमत्तेवर अजून कोणाकोणाचा हात आहे. दोघांना एकमेकांशी बोलायला लावा, हे लोक करतच नाहीत. सीएला वह्यांमध्ये तीन वर्षं सलग वकील फीचा खर्च दिसला तर तो त्याच्यासाठी फक्त एक खर्च असतो, पण वकिलाने तोच आकडा बघितला तर पहिला प्रश्न येतो, केस कसली चालू आहे?

भेटीला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका

एक पानभर लिहून न्या. विक्रेता कोण आहे, एकटा मालक, भागीदारी की कंपनी, जागा स्वतःची की भाड्याची, स्टाफ किती आणि किती जुना, कर्ज आहे का, तो विकतोय का, त्याने काय कारण सांगितलं आणि तुम्हाला काय वाटतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, या धंद्यात तुम्ही नक्की कशासाठी पैसे मोजताय ते. कोणी जागेसाठी घेतं, कोणी एका मोठ्या ग्राहकासाठी, कोणी लायसन्ससाठी, कोणी नावासाठी, तर कोणी तिथल्या एका कसबी कारागिरासाठी. हे वकिलाला माहीत असेल तर तो त्या एका गोष्टीच्या मागे हात धुऊन लागेल. नसेल माहीत तर तो सगळ्याच गोष्टी सारख्या तपासत बसेल आणि बिल मात्र सगळ्याचं येईल.

धंदा घेताय की कंपनी घेताय

हा प्रश्न भाव ठरवायच्या आधी सुटला पाहिजे. समजा एक छापखाना आहे आणि तो कंपनीच्या नावावर आहे. तुम्ही दोन प्रकारे घेऊ शकता. एक, कंपनीकडून मशीन, माल, नाव, ग्राहकांची ऑर्डर असं सगळं उचलून घ्यायचं आणि कंपनीचं रिकामं खोकं विक्रेत्याकडेच ठेवायचं. दोन, कंपनीचे शेअर्सच घ्यायचे. दुसऱ्यात काम सोपं वाटतं कारण लायसन्स, करार, बँक खातं सगळं कंपनीच्या नावावरच राहतं, बदलतो फक्त मालक. पण कंपनीने आजवर जे जे केलंय तेही कंपनीबरोबरच राहतं, जुना टॅक्स, जुने कोर्टकज्जे, कोणाला विकलेला खराब माल, सगळं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण बायर कंपनीचं. जर्मनीच्या बायरने २०१८ च्या जूनमध्ये अमेरिकेची मोन्सॅन्टो साधारण ६३ अब्ज डॉलरला घेतली. ऑगस्टमध्ये, म्हणजे दोन-एक महिन्यांतच, मोन्सॅन्टोच्या राउंडअप तणनाशकामुळे कॅन्सर झाला या दाव्यात कॅलिफोर्नियातल्या ज्युरीने २८९ दशलक्ष डॉलरची भरपाई सांगितली (पुढे ती कमी झाली, पण दाव्यांची रांग लागली ती लागलीच) आणि २०२० मध्ये बायरने तडजोडीसाठी १० अब्ज डॉलरच्या वर रक्कम जाहीर केली. तणनाशक बायरने बनवलं नव्हतं, पण बिल बायरच्या टेबलावर आलं. आणि या कंपनीकडे वकिलांची फौज होती, दावे चालू आहेत हे माहीतही होतं, त्यांनी तो धोका पत्करला. आपण निदान माहीत असून पत्करावा, एवढंच म्हणणं आहे.

मग शेअर्स न घेता फक्त मशीन-माल-नाव घेतलं की सुटलो? तसंही नाही, आणि इथेच स्थानिक कायदा माहीत असलेला वकील लागतो. भारतात जीएसटी कायद्याचं कलम ८५ म्हणतं की धंदा पूर्ण किंवा काही भाग हस्तांतरित झाला तर त्या दिवसापर्यंतचा थकलेला टॅक्स, व्याज, दंड याला विकणारा आणि घेणारा दोघेही जबाबदार. म्हणजे त्याने बुडवलेला टॅक्स डिपार्टमेंट तुमच्याकडे मागू शकतं. ब्रिटनमध्ये २००६ चे ट्युपे नावाचे नियम आहेत, त्यात धंदा दुसऱ्याकडे गेला की तिथला स्टाफ त्यांच्या जुन्या अटींसकट आपोआप नव्या मालकाकडे येतो, "मला हा स्टाफ नको होता" हे चालत नाही. तुम्ही ज्या देशात घेताय तिथे असं काय काय आपोआप मागे येतं, हा वकिलाला विचारायचा पहिला प्रश्न. टॅक्सची थकबाकी, स्टाफची देणी, पर्यावरणाचे दंड, या तिन्हींबद्दल वेगवेगळं विचारा.

आणि हो, घेणारा कोण हेही ठरवा. स्वतःच्या नावावर घ्यायचं की आधी एक कंपनी काढून तिच्या नावावर? उद्या काही अंगाशी आलं तर घरापर्यंत येतं की कंपनीपाशी थांबतं हे यावर ठरतं. सही झाल्यावर बदलायला गेलात तर स्टॅम्प ड्युटी, टॅक्स, सगळं पुन्हा.

जागा, लायसन्स, करार

लीजचा कागद स्वतः वाचा, कंटाळा येईल पण वाचा. बहुतेक लीजमध्ये एक ओळ असते, "भाडेकरूने मालकाच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय सदर जागा अन्य कोणासही हस्तांतरित करू नये." याचा अर्थ विक्रेता तुम्हाला जे विकतोय त्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग विकायचा अधिकार त्याच्याकडे नाहीये, तो जागामालकाकडे आहे. आणि जागामालकाला कळलं की डील त्याच्या सहीवर अडलीय की तो भाडं वाढवून मागणार, डिपॉझिट वाढवणार, वर तुमची वैयक्तिक गॅरंटीही मागणार. म्हणून ही परवानगी डीलची अट म्हणून आधीच लिहून घ्यायची, तोंडी "मालक आपलाच माणूस आहे" यावर जायचं नाही. काही लीजमध्ये याच्या पुढचंही असतं, की कंपनीचं नियंत्रण बदललं तरी ते हस्तांतरणच समजलं जाईल. म्हणजे शेअर्स घेऊनही सुटका नाही. उरलेली मुदत किती, नूतनीकरणाचा हक्क भाडेकरूला आहे की मालकाच्या मर्जीवर, आणि जागा सोडताना ती मूळ स्थितीत आणून द्यायचा खर्च कोणाचा, हे तीन मुद्दे पेन्सिलने खूण करून वकिलासमोर ठेवा.

असंच नियंत्रण बदलाचं कलम मोठ्या ग्राहकांच्या आणि डीलरशिपच्या करारातही लपलेलं असतं. निम्मी कमाई एकाच ग्राहकाकडून येत असेल तर तो करार आधी, बाकी सगळं नंतर. आणि करारच नाहीये, पंधरा वर्षांच्या ओळखीवर चाललंय, असं उत्तर आलं तर ती ओळख विक्रेत्याची आहे, ती तुम्हाला विकता येत नाही. भाव त्या हिशोबाने धरा.

लायसन्सबद्दल फार लिहीत नाही, एवढंच की प्रत्येक लायसन्सवर नाव कोणाचं, पत्ता कुठला, मुदत कधीपर्यंत आणि ते हस्तांतरित होतं की नव्याने काढावं लागतं याचा तक्ता वकिलाकडून मागा. नव्याने काढायचं असेल तर ते मिळेपर्यंत धंदा चालू ठेवता येतो का, की शटर खाली? फोन नंबर, डोमेन, सोशल मीडियाचे अकाउंट, ट्रेडमार्क हेही नावावरून तपासा, डोमेन कुठल्यातरी भाच्याच्या ईमेलवर रजिस्टर असणं हा प्रकार भलताच कॉमन आहे.

गहाण आणि चार्ज

मशीन दिसतंय, चालतंय, पण ते कर्जाला तारण असू शकतं. कंपन्यांच्या बाबतीत बऱ्याच देशांत चार्जची, म्हणजे कर्ज देणाऱ्याच्या तारणावरच्या हक्काची, नोंद सरकारी रजिस्टरमध्ये होते आणि ती कोणालाही बघता येते. पण यात एक गोम आहे. चार्ज तयार झाल्यावर नोंद करायला मुदत असते, ब्रिटनमध्ये २१ दिवस, भारतात कंपनी कायद्याने ३० दिवस. म्हणजे आज रजिस्टर स्वच्छ दिसलं तरी गेल्या आठवड्यात घेतलेलं कर्ज त्यात नसू शकतं. म्हणून वकिलाला सांगा की सर्च सुरुवातीला एकदा आणि पैसे द्यायच्या दिवशी पुन्हा, शिवाय विक्रेत्याकडून लेखी की नोंद न झालेलं कर्ज नाही, आणि बँकेकडून नो ड्यूज. एकट्या मालकाचा धंदा असेल तर रजिस्टरमध्ये फारसं काही सापडणार नाही, तिथे बँक स्टेटमेंटमधले दरमहा जाणारे हप्ते बघा, ते खोटं बोलत नाहीत.

विक्रेता जर म्हणाला की कागदावर दिसतोय त्याच्या दुप्पट धंदा आहे, बाकी कॅशमध्ये, तर भाव फक्त कागदावरच्या धंद्याचा द्या. वर ती कॅश म्हणजे टॅक्सची एक न आलेली नोटीस आहे, आणि ती कोणाच्या नावावर येईल ते वर कलम ८५ मध्ये वाचलंच.

विकून समोरच दुकान थाटलं तर?

सगळ्यांनाच ही भीती असते आणि बरोबर आहे. भारतात कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट १८७२ चं कलम २७ म्हणतं की धंदा करण्यापासून रोखणारा करार रद्दबातल, पण त्याला अपवाद आहे, गुडविल, म्हणजे धंद्याचं नाव आणि बांधलेलं गिऱ्हाईक, विकलं असेल तर विक्रेता ठरावीक हद्दीत तसाच धंदा करणार नाही अशी अट घालता येते, जोवर खरेदीदार तो धंदा करतोय तोवर, आणि ती हद्द कोर्टाला वाजवी वाटली पाहिजे. कॅलिफोर्नियात नोकरदारांवर असं बंधन घालताच येत नाही, पण धंदा विकणाऱ्यावर तिथेही येतं. तेव्हा करारात गुडविल विकल्याचं स्पष्ट लिहिलं पाहिजे आणि हद्द अशी ठेवा की जज बघून हसणार नाही, "संपूर्ण देशात आयुष्यभर" लिहिलंत तर अख्खं कलमच उडायची शक्यता. आणि सही फक्त विक्रेत्याची घेऊन भागत नाही, धंदा कंपनीचा असेल तर कंपनीसोबत त्यामागच्या माणसांचीही घ्या, आणि मुलगा किंवा बायको धंदा सांभाळत असेल तर त्यांचीही.

हमी, आणि हमीमागचे पैसे

करारात विक्रेता लिहून देतो की टॅक्स भरलाय, केस नाही, मशीन माझीच आहेत, वगैरे. याला वॉरंटी म्हणतात, आणि विशिष्ट नुकसान झालं तर रुपया-रुपया भरून देईन याला इंडेम्निटी. तुम्हाला माहीत असलेला धोका, जसं चालू असलेली टॅक्सची केस, त्यासाठी इंडेम्निटी मागा, कारण माहीत असलेल्या गोष्टीवर वॉरंटीखाली भांडायला गेलात तर बऱ्याच ठिकाणी "तुम्हाला तर माहीत होतं" असं उत्तर मिळतं.

पण कागदावर हमी असणं आणि पैसे हातात येणं यात अंतर केवढं असतं हे रॅनबॅक्सी या भारतीय औषध कंपनीच्या डीलमध्ये दिसतं. जपानच्या दाइची सांक्योने २००८ मध्ये रॅनबॅक्सीतला मोठा हिस्सा घेतला. पुढे अमेरिकेत रॅनबॅक्सीच्या औषधांचं प्रकरण चिघळलं आणि २०१३ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल करून ५०० दशलक्ष डॉलर भरायचं मान्य केलं. दाइचीचं म्हणणं, जुन्या मालकांनी माहिती लपवली. सिंगापूरमध्ये लवाद बसला, २०१६ मध्ये दाइचीच्या बाजूने सुमारे २,५६२ कोटी रुपयांचा निवाडा लागला, २०१८ मध्ये दिल्ली हायकोर्टाने तो भारतात लागू करायला हिरवा कंदील दिला, आणि तरी त्यानंतर वसुलीसाठी सुप्रीम कोर्टापर्यंत झगडा चालू राहिला. खरेदीपासून दहा वर्षं उलटून गेली होती तोवर.

तुमच्या-माझ्याकडे दहा वर्षं लढायची ताकद नसते, म्हणून किमतीतला काही हिस्सा स्वतःकडे रोखून ठेवा किंवा एस्क्रोत ठेवा, म्हणजे तिसऱ्या तटस्थ खात्यात. वर्ष-दीड वर्षात जुनी देणी निघाली नाहीत की विक्रेत्याला द्यायचा. विक्रेता कुरकुर करेल, पण किती हिस्सा आणि किती काळ यावर घासाघीस करा, मुळात नकोच म्हणाला तर का ते विचारा. माझ्या मते बाकी सगळ्या कलमांवर थोडं नमतं घेतलं तरी चालेल, या एका कलमावर घेऊ नका.

फ्रँचायझी घेत असाल तर थोडं वेगळं आहे, तिथे करार छापील असतो आणि फारसा बदलत नाही, वकिलाने तो तुम्हाला समजावून सांगायचा असतो. अमेरिकेत तर नियमच आहे की सही किंवा पैसे देण्याच्या किमान १४ दिवस आधी पूर्ण माहितीपत्र हातात पडलं पाहिजे. जिथे असा नियम नाही तिथे ते १४ दिवस स्वतःच मागून घ्या.

वकिलाचा सल्ला ऐकायचा कसा

वकील चाळीस धोके सांगणार, ते त्याचं कामच आहे, आणि ती यादी वाचून एकतर माणूस घाबरून डील सोडतो किंवा सगळंच कानाआड करतो. त्याला सांगा की या चाळीसचे तीन ढीग करा: कुठल्यामुळे मी डील सोडावी, कुठल्यामुळे भाव कमी मागावा, आणि कुठले नुसते कागदाने सुटतील. साठ पानी रिपोर्ट मागू नका, या तीन ढिगांची चार पानं मागा, फीसुद्धा कमी होते. कागद गोळा करणं, झेरॉक्स, सरकारी ऑफिसच्या चकरा हे स्वतः करा, आणि दिवसातून सहा फोन करण्यापेक्षा प्रश्न साठवून एकदम विचारा. "तुम्ही माझ्या जागी असता तर घेतलं असतं का?" हेही विचारा, उत्तर गोलमोल आलं तरी चेहरा बघून बरंच कळतं.

सही आणि ताबा यात काही आठवड्यांचं अंतर असेल तर त्या काळात विक्रेता मोठी खरेदी करणार नाही, पगार वाढवणार नाही, स्टॉक रिकामा करणार नाही हे लिहून घ्या, आणि त्यात मशीन जळालं तर नुकसान कोणाचं तेही. ताब्याच्या दिवशी चार्जचा सर्च पुन्हा, मूळ कागद, जुन्या डायरेक्टरांचे राजीनामे, बँकेतल्या सह्या बदलल्याची पोच, पासवर्ड, किल्ल्या, हे सगळं एका बैठकीत वकिलासमोर, आणि मोठी रक्कम त्यानंतरच सोडायची. घरी आलात की करारातून दोन तारखा शोधून फोनमध्ये टाका, रोखलेले पैसे सोडायची तारीख आणि वॉरंटीखाली दावा करायची शेवटची तारीख. रिमाइंडर दोन महिने आधीचा लावा, कारण दाव्याची नोटीस पुराव्यासकट लिहायला वकिलाला वेळ लागतो.